मनगटावरची ओळ

रायपूरच्या सदर बाजारात हल्ली विकली जाणारी सोन्याची अंगठी भिंगाखाली धरली, की आतल्या बाजूला मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. मोबाइलवर तो क्रमांक टाकला की दागिना कुठल्या केंद्रात तपासला आणि सोनं किती कॅरटचं आहे, हे घरबसल्या कळतं. नखाहूनही लहान जागेत एवढी माहिती बसते. ती अंगठी घातलेली बाई उद्या जयस्तंभ चौकात बेशुद्ध पडली, तर मात्र तिच्याविषयी तिच्या अंगावर एक अक्षरही सापडत नाही. ती इन्सुलिन घेते का, तिला पेनिसिलिन चालत नाही का, तिचं रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे का, यातलं काहीही नाही. सोन्याची ओळख पक्की करण्यासाठी आपण कायदा केला. ते सोनं घालणाऱ्या माणसाच्या प्रकृतीची ओळख अजून कपाटातल्या फाइलमध्येच आहे.

आजार, ॲलर्जी, औषध आणि घरच्यांचा फोन नंबर कोरलेलं ब्रेसलेट किंवा पदक ही वस्तू अमेरिका-युरोपात सत्तर वर्षांपासून वापरात आहे. आता ती मण्यांत, चामड्यात, सोन्याच्या मुलाम्यात, हव्या त्या रंगात मिळते. आपल्याकडे ती परदेशी राहिलेल्या मुला-मुलींनी आईवडिलांसाठी पाठवलेली भेट म्हणून येते, नाहीतर ऑनलाइन दुकानांतून मागवली जाते. माझं म्हणणं असं आहे, की या दागिन्याची गरज देशात जिथे फार मोठी आहे अशा जागांपैकी रायपूर एक आहे, आणि तो घडवण्यासाठी लागणारी कलाही रायपूरच्या आसपासच आहे.

गरजेचं नाव सिकलसेल.

गुजरातेतून निघून नंदुरबार, मेळघाट, विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशापर्यंत जाणारा जो पट्टा आहे, त्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आईकडून किंवा वडिलांकडून एकच सदोष जनुक आला तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. छत्तीसगडमधल्या काही समाजांत दर दहा माणसांमागे एक वाहक सापडतो. हा फक्त आदिवासींचा आजार, असा आपला एक सोयीचा समज आहे. छत्तीसगडात तो साहू आणि कुर्मी समाजांतही आहे आणि विदर्भात तेली, कुणबी, बौद्ध समाजांतही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचं पहिलं वर्णन छापलं. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. मध्य भारताची नोंद १९५८ची, आणि ती नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी केलेली आहे. पुढे महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी या कामाला आयुष्य दिलं. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. रायपुरात हेच काम आपल्याच एका माणसानं केलं. बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण त्र्यंबक दाबके यांच्या सिकलसेलवरच्या कामाची दखल घेऊन त्यांना २००४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. आज सिकलसेलसाठी वेगळी सरकारी संस्था रायपुरात आहे, मेकाहारा या नावानं सगळ्या राज्याला ठाऊक असलेलं आंबेडकर रुग्णालय आहे, टाटीबंधला एम्स आहे. गोंदिया आणि गडचिरोलीच्या पूर्व टोकाच्या मराठी माणसालाही रायपूर काही परकं नाही; हावडा-मुंबई लोहमार्गानं गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ही गावं एका माळेत ओवली आहेत.

आता या रुग्णाला दागिन्याची गरज का, ते नीट पाहू. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. एसएस रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांत संपते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. थंडी, ताप, दमणूक आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही त्याची नेहमीची कारणं. रायपूरचा मे महिना त्यासाठी पुरेसा आहे. भाद्रपदात तीजाला माहेरी आलेली लेक निर्जळी उपवास धरते. ती एसएस असेल तर त्या दिवशी तिला पाण्याची गरज घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त असते, आणि हे तिला निक्षून सांगणारं कुणीतरी घरात असायला हवं.

कळ आलेला रुग्ण बाहेरून कसा दिसतो? जखम नाही, सूज फारशी नाही, ताप असेल-नसेल. विशीतला पोरगा स्टेशनच्या बाकावर कळवळतोय आणि वेदनाशामक इंजेक्शन मागतोय. पाहणाऱ्याच्या मनात पहिला संशय नशेचा येतो. भारतातच नाही, जगभर सिकलसेलच्या रुग्णांची ही तक्रार आहे, की त्यांच्या वेदनेवर कुणी विश्वास ठेवत नाही. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्ण दवाखान्यात आल्यापासून एका तासाच्या आत वेदनेवर उपचार सुरू व्हावेत, असं त्यांत म्हटलं आहे. आजाराचं नावच कळलं नाही तर तो तास प्रश्न विचारण्यात जातो.

नाव कळण्यानं उपचारही बदलतात. दुखणाऱ्या सांध्यावर आपण सवयीनं बर्फ लावतो. इथे गारव्यानं पेशी आणखी अडकतात. दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा सात-आठच्या आसपास असतं आणि त्यावर तो रोजचं जगणं निभावत असतो. ओळख नसलेला डॉक्टर तो आकडा पाहून घाबरतो आणि रक्ताची बाटली लावतो. गरज नसताना रक्त चढवून हिमोग्लोबिन फार वर नेलं तर रक्त घट्ट होऊन वाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा माणसाच्या मनगटावर ‘सिकलसेल एसएस’ याच्या शेजारी ‘नेहमीचं एचबी ७.५’ असा स्वतःचा आकडा कोरलेला असला, तर त्या चार-पाच शब्दांनी एक अनावश्यक बाटली टळू शकते. बाजारात तयार मिळणाऱ्या ब्रेसलेटवर हा आकडा नसतो. त्यासाठी दागिना एका माणसासाठी, त्याच्या नावानं घडवलेलाच हवा.

या कल्पनेची सुरुवातही एका घरातूनच झाली. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी डॉ. मॅरियन कॉलिन्स राहत. १९५३ मध्ये त्यांच्या चौदा वर्षांच्या लिंडाचं बोट कापलं. धनुर्वाताच्या प्रतिविषाच्या इंजेक्शनाआधी चाचणी म्हणून तिला औषधाचा जेमतेम थेंबभर अंश दिला गेला, आणि तेवढ्यानं मुलगी मरणाच्या दारात गेली. ती वाचली. मग आईवडिलांना एकच धास्ती लागली: पुन्हा कुठे अपघात झाला आणि कुणी नेहमीप्रमाणे तेच इंजेक्शन दिलं तर? आधी कपड्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या. ती कॉलेजला निघाली तेव्हा वडिलांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सराफाकडून चांदीचं ब्रेसलेट करवून त्यावर ॲलर्जी कोरून घेतली. कॉलेजच्या मैत्रिणींमध्ये चिठ्ठी मिरवायला कुठल्या मुलीला आवडेल? चांदीचं ब्रेसलेट तिच्या हातात शोभलं. १९५६ मध्ये कॉलिन्स कुटुंबानं मेडिकअलर्ट ही ना-नफा संस्था काढली. ब्रेसलेटवर क्रमांक आणि फोन नंबर असायचा. जगात कुठूनही, रात्री-अपरात्री फोन केला की त्या माणसाची माहिती डॉक्टरला मिळायची. पहिली वस्तू सराफाच्या दुकानात घडली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आजारपणाची वस्तू रुग्णालयानं बनवली असती तर ती पांढऱ्या पट्टीसारखी दिसली असती, आणि लिंडानं ती पहिल्याच आठवड्यात काढून ठेवली असती.

अशा दागिन्यावर हल्ली निळा सहा टोकांचा तारा आणि मध्ये सर्प गुंडाळलेला दंड असतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्यातल्या लिओ श्वार्ट्झ यांनी तो १९७३ मध्ये रुग्णवाहिकांसाठी रेखला; आपल्याकडच्या रुग्णवाहिकांवरही तो दिसतो. आपले कारागीर मात्र हौसेनं लाल क्रॉस काढतात. त्यांना हे सांगायला हवं, की रेड क्रॉसचं चिन्ह जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार संरक्षित आहे. परवानगीशिवाय वापरलं तर पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि माल जप्त होऊ शकतो. लाल क्रॉस हे युद्धभूमीवर संरक्षण देणारं चिन्ह आहे, ते दागिन्यावर घालू नये.

सिकलसेलपासून सुरुवात केली, पण हे प्रकरण तिथे संपत नाही. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगानं त्याला बॉम्बे रक्तगट असंच नाव दिलं. एका मराठी डॉक्टरनं लावलेला हा शोध आपल्या शाळांतून शिकवायला हवा होता. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. यातली मेख अशी, की नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसतं, पण ‘ओ’ गटाचं रक्त या माणसाला दिलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला रक्त फक्त बॉम्बे गटाच्याच दात्याचं चालतं. अपघातात रक्तस्राव होत असताना तो बोलू शकला नाही, तर घाईत ‘ओ’ची पिशवी लागण्याचा धोका असतो. त्याच्या गळ्यातल्या पदकावर एकच ओळ हवी: बॉम्बे गट, ओ देऊ नका.

बस्तरकडे गेलं की आणखी एक गोष्ट समोर येते. जी६पीडी नावाचं एक विकर काही लोकांत जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण हिवतापाच्या एका प्रकारात चौदा दिवस दिली जाणारी प्रायमाक्विनची गोळी त्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकते. डॅप्सोनही तसंच. राज्य सरकारनं २०२० मध्ये मलेरियामुक्त बस्तर अभियान सुरू केलं, घरोघरी जाऊन रक्त तपासलं जातं, औषध समोर गिळायला लावतात, आणि ते योग्यच आहे. ज्याला हा दोष आहे असं एकदा निश्चित झालं, त्याच्याकडे ते सांगणारं काही कायमचं असायला हवं; कारण पुढच्या वर्षी त्याच्या दारात येणारी आरोग्य सेविका वेगळी असेल.

आर्य वैश्य समाजाविषयी भूलतज्ज्ञ एक गोष्ट जाणतात. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू शिथिल करणारं सक्सिनिलकोलीन नावाचं औषध वापरतात. त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. या समाजातल्या काही लोकांत ते औषध मोडणारं विकर जन्मतःच नसतं किंवा अगदी कमी असतं, त्यामुळे स्नायू कित्येक तास शिथिल राहतात आणि तेवढा वेळ त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. हा समाज तेलंगणाला लागून असलेल्या मराठवाड्याच्या भागातही आहे. घरात एकाला असं झालं असेल तर भावंडांनी तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना दोष निघाला त्यांनी ते अंगावर बाळगावं. मूर्च्छित अवस्थेत तातडीच्या शस्त्रक्रियेला नेलेल्या माणसाला कुणी काही विचारू शकत नाही.

बाकीची यादी घराघरांतली आहे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला माणूस रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेतो. डोक्याला साधा मार लागला तरी त्याचा स्कॅन लगेच व्हायला हवा. हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूत इंजेक्शन देऊ नये आणि ॲस्पिरिनही देऊ नये. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्याला अपघातानंतर तेच औषध शिरेतून लागतं. मधुमेहीची साखर उतरली की जीभ जड होते, तोल जातो, आणि लोक म्हणतात, प्यायलेला दिसतोय. शुद्धीवर असेपर्यंत दोन चमचे साखर दिली तर तो बोलायला लागतो.

सरकारनं या बाबतीत काहीच केलं नाही, असं नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल उच्चाटन मोहिमेची सुरुवात झाली. सतरा राज्यांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, असं तिचं उद्दिष्ट. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले, त्याचंही प्रमाणपत्र आणि कार्ड मिळतं. आयुष्मान भारतचं कार्ड आहे, आभा या आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक आहे. ही सगळी कार्डं आमच्याकडे कुठे असतात, ते वाचकांना मी सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला. शेतावर, वीटभट्टीवर, लांबच्या राज्यात मजुरीला गेलेल्या पोराबरोबर ते कार्ड जात नाही. सिकलसेल तपासणीच्या कार्डाचा मुख्य हेतू लग्न जुळवताना दोघांचे अहवाल पाहता यावेत हा आहे, आणि त्या हेतूसाठी ते घरात असलेलं बरं. रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर या दागिन्याच्या वाटेतली खरी अडचण बोलून टाकू. आपल्या मुलीच्या हातावर आजाराचं नाव कोरायला आई तयार होत नाही, याला कारण आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे झटके वारंवार येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला आडकाठी होती आणि ती १९९९ पर्यंत कायद्यात राहिली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या बाईच्या तरुणपणी तिचा औषधानं आटोक्यात राहणारा आजार कायद्याच्या पुस्तकातच अपात्रता म्हणून लिहिलेला होता. कायदा बदलला, लग्नं जुळवणाऱ्यांच्या मनातून ते जायला वेळ लागतो. सिकलसेलचंही तसंच. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करताना विचार करावा, एवढाच शास्त्राचा सल्ला असताना गावात वाहक मुलीलाच ‘रोगी’ ठरवून मोकळे होतात. अशा मुलीला आपण भडक लाल अक्षरांची पट्टी दिली तर ती घालणार नाही, आणि तिचा नकार मला पूर्णपणे पटतो.

म्हणून दागिना सुंदर असणं हा शौकाचा भाग नाही. दिसायला आवडला तरच तो रोज अंगावर राहील, आणि रोज अंगावर राहिला तरच उपयोगाचा. मजकूर आतल्या बाजूनं कोरा, बाहेरून नक्षी ठेवा. बाहेर फक्त तो निळा तारा पुरे. ज्याला वाचायचं आहे तो उलटून पाहील.

आणि अंगावर दागिना घालण्याची सवय छत्तीसगडला शिकवायची गरज नाही. गळ्यात कडक सुता, रुपियांची माळ, पुतरी, दंडावर नागमोरी, मनगटावर पीळ घातलेली ऐंठी, ककनी, पहुंची, कमरेला करधन, पायात तोडा आणि लच्छा. बहुतेक चांदी, वजनदार, आणि रोजच्या वापरातली. आपल्याकडच्या पेटीताईताची आठवण करा. वज्रटीकेच्या खाली रुळणारा तो लांबट पोकळ ताईत उघडतो, आत कागद ठेवता येतो, आणि पूर्वी त्यात मंत्र लिहिलेलं भूर्जपत्र ठेवत. माझी इच्छा आहे की एखाद्या तरुण दागिने-रचनाकारानं हा पेटीताईत पुन्हा हातात घ्यावा आणि त्यात रक्तगट, आजार, औषधं लिहिलेली, पाणी न लागणारी चिठ्ठी बसवावी. ऐंठीच्या दोन पिळांमध्ये एक सपाट पट्टी सहज बसेल. पहुंचीच्या मधल्या चौकोनावर तर चार ओळी येतील. या जुन्या घडणीच्या दागिन्यांना शहरातल्या मुली पुन्हा मागणी करू लागल्या आहेत, त्यामुळे हे काही संग्रहालयातलं स्वप्न नाही.

शरीरावर कायमची खूण करण्याची या प्रदेशाची रीत तर त्याहून जुनी आहे. देवार बायका गावोगाव फिरून गोदना गोंदवत. परदेशात काही मधुमेही आणि ॲलर्जीचे रुग्ण आता मनगटावर वैद्यकीय गोंदण करून घेतात. मला स्वतःला ते फारसं पसंत नाही: औषधं बदलतात, आकडे बदलतात, आणि सुईच्या स्वच्छतेची खात्री नसेल तर कावीळ ब आणि क यांचा धोका आहे. बॉम्बे रक्तगट आयुष्यात बदलत नाही, तेवढ्यापुरतं गोंदण चालेल.

घडवणाऱ्यांसाठी आणि घालणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. जागा मनगट किंवा गळा. रुग्णवाहिकेतला माणूस नाडी तिथेच पाहतो. आपल्या मनगटावर आधीच मौली, राखी, कडं, घड्याळ, बांगड्या एवढं असतं की त्यात पट्टी हरवते. म्हणून ती घड्याळाच्या हाती नको, दुसऱ्या हाती एकटी असू द्या. अखंड, घट्ट कडं नको: हाताला सूज आली तर ते कापावं लागतं. फासा असलेली साखळी किंवा उघडं कडं बरं. चांदी घामानं आणि हवेनं काळी पडते, पण खोल कोरलेली अक्षरं काळी पडल्यावर उलट जास्त स्पष्ट दिसतात. रोज शेतात राबणाऱ्याला पोलाद चांगलं. फक्त निकेलनं खाज येणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या दर्जाचं, ३१६एल म्हणतात ते घ्यावं. भाषा दोन हव्यात. छत्तीसगडात १०८ची संजीवनी रुग्णवाहिका सेवा २०११ पासून धावते, तिच्यातल्या कर्मचाऱ्याला हिंदी चटकन वाचता येतं. डॉक्टरांच्या नोंदी इंग्रजीत असतात. पुढे हिंदी, मागे इंग्रजी. विदर्भात पुढे मराठी.

काय कोरायचं, याचा निकष एकच: पहिल्या अर्ध्या तासातला उपचार ज्यानं बदलेल ते. गुडघेदुखी आणि पित्त नको. रक्तदाबाच्या गोळीचं नाव नको. आजार, न चालणारं औषध, सुरू असलेलं जोखमीचं औषध, आणि दोन फोन नंबर. एक नंबर बंद लागतो, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. मजकूर स्वतःच्या डॉक्टरांना दाखवूनच कोरायला द्या. आपण ऐकलेल्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पट्टीनं उपकाराऐवजी घात होईल.

नव्या तंत्राचीही नोंद घ्यायला हवी. मुंबईच्या अक्षय रिडलान या तरुण अभियंत्यानं प्रोजेक्ट चेतना नावानं क्यूआर कोडची पदकं केली, ती विस्मृतीच्या आणि बौद्धिक अक्षमतेच्या रुग्णांसाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीचा एक बारा वर्षांचा मुलगा हरवला आणि कुलाब्याच्या बाजूला सापडला. त्याच्या गळ्यातल्या पदकाचा कोड मोबाइलवर वाचून पोलिसांनी त्याला त्याच रात्री घरी पोचवलं. स्वतःचं नाव-गाव सांगू न शकणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. पण बस्तरातल्या अबुझमाडच्या कडेला नेटवर्क नसतं, सेवा चालवणारी कंपनी बंद पडली की कोड मुका होतो, आणि आपल्या आजाराची माहिती कुणाच्या सर्व्हरवर पडली आहे हा प्रश्न उरतोच. कोड असू द्या, त्याच्या शेजारी धातूवर साधी अक्षरंही असू द्या. ती वाचायला चार्ज केलेला फोन लागत नाही.

डॉ. अभय बंग यांनी आपल्या कामाविषयी सांगताना एक गोष्ट मोकळेपणानं मांडली आहे. गडचिरोलीत सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेलचं सर्वेक्षण केलं, निष्कर्ष गाजले. पण तो अभ्यास लोकांनी मागितलेला नव्हता, तो डॉक्टरांच्या कुतूहलाचा होता, असं त्यांना नंतर जाणवलं. या दागिन्याचंही तसं होऊ नये. रायपुरात बसून कुणीतरी नमुना ठरवायचा, दहा हजार पट्ट्या छापायच्या आणि शिबिरात वाटायच्या, असं झालं तर त्या पट्ट्याही ट्रंकेत जातील. कांकेरच्या मुलीला ऐंठी हवी की पहुंची, राजनांदगावच्या पोराला गळ्यात हवं की मनगटावर, आजाराचं नाव बाहेर हवं की आत, हे आधी त्यांना विचारा.

काम कुणी करायचं? सिकलसेल संस्थेकडे रुग्णांची माहिती आहे, सराफ्याकडे कारागीर आहेत, १०८कडे प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना बेशुद्ध माणसाचं मनगट आणि गळा उलटून पाहायची शिस्त लावली नाही तर दागिना नुसता दागिनाच राहील. ते पहिलं काम आहे. आणि रायपूरच्या मराठी माणसांना माझी वेगळी विनंती आहे. चौबे कॉलनीतलं आपलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे, समता कॉलनीत दिव्यांग मुलींचं वसतिगृह चालवतं. ज्या शहरात डॉ. दाबके यांनी या आजारावर काम केलं, त्या शहरातल्या मंडळानं एसएस मुलींसाठी पहिल्या शंभर ऐंठ्या घडवून घेतल्या, तर ते त्यांच्या कामाला साजेसंच होईल.

बाकी वाचकांसाठी धनत्रयोदशी आहेच. तो दिवस धन्वंतरीचा, आणि त्या दिवशी आपण धातू घरात आणतो. रायपूरच्या गोलबाजारात असो की नागपूरच्या इतवारीत, भांड्याच्या दुकानात विजेच्या कलमानं डब्यांवर नाव घालून देणारा माणूस बसलेला असतो. या वेळी डब्यांबरोबर पोलादाची एक छोटी पट्टी न्या. घरात इन्सुलिन घेणारं, झडप बसवलेलं, झटके येणारं, सिकलसेलचं, पेनिसिलिन न चालणारं जे कुणी असेल, त्याच्यासाठी डॉक्टरांकडून चार ओळी लिहून आणा आणि त्या पट्टीवर घालून घ्या. चांदीची ऐंठी पुढच्या वर्षी करता येईल. पट्टी याच वर्षी करा.